तळ्याची कातडी

१

कारखान्याचा भोंगा व्हायच्या आधी तळ्याच्या दाराशी जाऊन बसायचं, हा तिचा रोजचा नेम. दार म्हणजे दगडी बांधात बसवलेली लोखंडी झडप आणि तिच्या डोक्यावर एक गंजकं चाक. चाक फिरवलं की झडप वर उचलली जायची आणि तळं रिकामं व्हायचं. पण ते कुणी फिरवत नसे. झडपेच्या वरच्या अंगाला जाळी लावलेलं एक भोक होतं. तळ्यातलं निवळलेलं पाणी त्यातून ओढ्यात उतरायचं आणि ओढ्यातून खालच्या तलावात. सगळी वस्ती त्या तलावाचं पाणी प्यायची.

ती काचेची बरणी भोकाखाली धरायची, भरली की उजेडाकडे करून बघायची आणि स्वतःशीच हसायची.

हसेल नाहीतर काय! ती शिकायला दूर देशी गेली तेव्हा हेच पाणी शाईसारखं काळंनिळं होतं. वडिलांनी कातडी कमावण्याचा कारखाना काढला तेव्हापासून चुना, मीठ, रक्त, केस, चरबी, क्रोमचं विष, जे काही कातड्यातून निघेल ते सगळं याच ओढ्याने खाली जात आलं होतं. वडील गेले, दादाने गादी सांभाळली, ओढा तसाच वाहत राहिला. तिकडे शिकताना तिला एकच गोष्ट पक्की समजली होती, की पाणी मुळात घाण नसतंच. आपण त्याच्या डोक्यावर ओझं टाकतो आणि वर त्यालाच नावं ठेवतो. ते ओझं उतरवायचं, एवढ्यासाठी ती परत आली.

आणि येताना उपाय कुठला घेऊन आली, तर जलपर्णी.

"अगं शहाणे, लोक ती काढायला यंत्रं आणतात आणि तू लावायला निघालीस?" दादा तेव्हा म्हणाला होता.

"ती हावरट आहे म्हणून लोक तिला शिव्या देतात, दादा. मला तिची हावच हवीय. मुळांनी विष ओढून घेते ती. आपण फक्त तिला कापत राहायचं आणि कापलेलं लांब नेऊन पुरायचं. परत पाण्यात पडू द्यायचं नाही, एवढंच पथ्य."

दादाने तिला एक हंगाम दिला. पाणीखात्याचा साहेब पाहणीला येईल तेव्हा पाणी पास झालं तर तळं तिचं. नाही झालं, तर तळं बुजवून जमिनीखालून थेट तलावापर्यंत नळ टाकायचा. ना कुणी बघणार, ना कुणी विचारणार.

त्या सकाळी बरणी खाली ठेवून ती बांधावर आली. आदल्या दिवशी आकडीने ओढून काढलेल्या जलपर्णीचा ढीग तिथे पडला होता. मुळांच्या काळ्या दाढ्या अजून गळत होत्या. एका दाढीत तळहाताएवढं कातडं अडकलं होतं, वर तांबूस केस. कारखान्यातून वाहून आलेला तुकडा असणार, म्हणून तिने तो उचलून फेकायला हात उगारला, आणि हात तसाच राहिला.

तळ्यात जे येतं ते चुन्याच्या कुंडीतून येतं. चुना केस खातो. या तुकड्यावरचे केस ओले, चकचकीत होते आणि सगळे एका दिशेला बसलेले होते, जिवंत जनावराच्या अंगावर बसतात तसे.

तिने तो उलटा केला. कातडं सोलताना मांसाच्या बाजूला सुरीचे ओरखडे उठतात. लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून तिने ते बोटांनी मोजले होते. इथे एकही ओरखडा नव्हता. कडाही कापलेल्या नव्हत्या. नव्या पानाच्या कडेसारख्या त्या पातळ होत गेल्या होत्या आणि शेवटी शेवटी त्यांची मुळं झाली होती. अडकलेली मुळं तिने नीट पाहिली. ती अडकलेली नव्हतीच. मूळ पुढे जाऊन केस झालं होतं.

आणि तुकडा कोमट होता. ऊन लागलं असेल, ती मनाशी म्हणाली. ऊन अजून बांधावर यायचं होतं.

२

"गाय बुडाली असेल एखादी," मुकादम म्हणाला.

"कुणाची?"

"ते आता तिलाच विचारायला लागेल, पाणीबाई." कामगारांनी तिचं नाव पाणीबाई ठेवलं होतं, आणि मुकादम ते तोंडावर म्हणायचा.

ढिगाजवळ उभे असलेले सगळे हसले. लंबू तर कोयत्यावर रेलून हसला. लंबू म्हणजे कारखान्यातला सगळ्यात उंच माणूस. तळ्यात छातीभर पाण्यात उभं राहून जलपर्णी कापायचं काम त्याच्याकडे, कारण बाकीच्यांच्या नाकातोंडात पाणी जायचं.

"तुला काही लागतं का रे पायाला, आत?" तिने विचारलं.

"लागतं की." तो हसायचा थांबला. "मऊ लागतं. गाळ असेल." मग कोयता खांद्यावर घेत म्हणाला, "पण ताई, गाळ बाजूला सरकतो का हो आपण आलो की?"

दादाने तुकडा हातात घेतला, वास घेतला, अंगठ्याने ताणून पाहिला. कातड्याच्या बाबतीत त्याला कुणी फसवू शकत नसे. त्याच्या कपाळावर आठी पडली आणि लगेच मोडली. "वरच्या दर्जाचा माल आहे," तो म्हणाला. "असा खालून उगवायला लागला तर कसायांची गरजच नाही मला. चला रे, कामाला लागा!"

पुढे असे तुकडे निघतच राहिले. तांबूस, काळे, पांढऱ्यावर ठिपके असलेले. एकदा कानाची पाळी निघाली, आतून गुलाबी. एकदा नुसती पापणी. ती सगळं उचलून मागच्या खड्ड्यात टाकायची आणि वरून चुना ओतायची. तिने पुस्तकं काढली, तिकडच्या गुरुजींना पत्र लिहायला घेतलं आणि पहिल्याच ओळीवर फाडून टाकलं. काय लिहिणार? पाण्यात विरघळलेलं सगळं मुळं गोळा करतात, हे त्यांनीच तर शिकवलं होतं. या पाण्यात वडिलांच्या काळापासून काय काय विरघळलं होतं, हा हिशेब ती करायला बसायची आणि अर्ध्यावरच सोडायची. मग ती उठून दाराशी जायची आणि बरणी भरायची.

बरणीतलं पाणी रोज अधिक निवळ होत होतं. विषाचा मागमूस राहिला नव्हता. सगळ्या शंका त्या बरणीपुढे गप्प बसायच्या.

३

पाहणी जवळ आली आणि ढिगाचा प्रश्न उभा राहिला. जलपर्णी न्यायला येणारी गाडी बंद पडली होती. बांधावर डोंगर साचला होता, सडत होता, आणि त्यात काय काय होतं ते तिला ठाऊक होतं. साहेबाने त्यात काठी घालून पाहिलं असतं तर?

दादाने गुरांचा चारा कापायचं कुट्टी यंत्र आणवलं. दोन मोठी पाती, पुढे घास भरायचं तोंड, मागे पन्हळ. पन्हळ कुठे सोडायची, हे विचारायच्या आधीच मुकादमाने ती तळ्याकडे वळवली होती.

"नाही, परत पाण्यात नाही," ती म्हणाली. "एकेका तुकड्याला कोंब फुटतो. सांगितलं होतं मी."

"मग कुठं? माझ्या डोक्यावर?" दादा तडकला. "साहेब आल्यावर हा डोंगर दिसू दे का त्याला? बोल. तुझं तळं, तुझी पाहणी. तू सांगशील तसं."

सगळे तिच्याकडे बघत होते. तिने ढिगाकडे पाहिलं. वरच्याच एका दाढीत काहीतरी पांढरं, ठिपक्यांचं होतं.

"टाका," ती म्हणाली. "पण बारीक करा."

पाती फिरायला लागली. सुरुवातीला चराचरा आवाज येत होता, हिरव्या देठांचा, ऐकायला बरं वाटावा असा. लंबू पेंढ्या भरत होता, मुकादम पन्हळीशी दाताळं घेऊन उभा होता. मग आवाज बदलला. पाती चावल्यासारखी चालू लागली. ओलं, जड काहीतरी त्यांच्यात जात होतं आणि तुटताना कण्हल्यासारखं वाजत होतं. पन्हळीतून हिरव्या चोथ्याबरोबर लाल पाणी आलं.

"लोह असेल," ती मोठ्याने म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं. "मुळांत लोह साचतं. हवा लागली की लाल होतं."

लंबूने पुढची पेंढी यंत्राच्या तोंडाशी लावली आणि पेंढी सोडली. पण पेंढीने त्याला सोडलं नाही. मुळं त्याच्या मनगटाला वेढली होती. यंत्राने पेंढी ओढली, पेंढीने मनगट. तो एवढा उंच माणूस, एका झटक्यात गुडघ्यावर आला. पाती त्याच्या हातावर आली तेव्हा आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला. स्वच्छ. चराचरा.

दादाने धावत येऊन कोयत्याने यंत्राचा पट्टा तोडला. पट्टा चाबकासारखा उसळून मुकादमाच्या तोंडावर बसला आणि त्याचा गाल उघडला. लंबू ओरडत नव्हता. तो आपल्या कोपराकडे बघत होता, आणि कोपरापुढे काही नव्हतं.

"हात शोधा!" दादा गरजला. "अरे बघता काय, हात शोधा त्याचा!" जवळ उभ्या असलेल्या कामगाराला त्याने अशी चपराक दिली की तो ढिगात पडला.

पन्हळ तळ्याकडे होती. हात बारीक होऊन पाण्यात गेला होता. तिने सांगितलं होतं तसाच.

४

लंबूला इस्पितळात पोचवून ती परतली तेव्हा ऊन कलत होतं. वाटेत तिने किती वेळा ठरवलं असेल, की आता हे थांबवायचं. तळ्यावर आली आणि पाय खिळले.

सकाळी अर्धं तळं उघडं होतं. आता पाण्याचा थेंब दिसत नव्हता. या काठापासून त्या काठापर्यंत पानांचा जाड गालिचा, आणि त्यावर जांभळी फुलं, सगळी एकाच वेळी उमललेली. इतकं सुंदर काही तिने त्या कारखान्यात कधी पाहिलं नव्हतं. वारा सुटला होता. बांधावरचं गवत झुकत होतं. पाण्यावरची जलपर्णी वाऱ्याने हलते, डुलते. ही हलत नव्हती. खालून कुणीतरी घट्ट धरून ठेवल्यासारखी ताणलेली होती.

कारखान्याचं एक कुत्रं होतं, मांसाच्या खरवडीवर पोसलेलं, सगळ्यांवर भुंकणारं. ते नाक खाली घालून गालिच्यावर उतरलं. बुडालं नाही. चालत चालत मध्यापर्यंत गेलं, पानं उकरू लागलं, आणि त्याला काहीतरी खायला सापडलं. मान झटकत ते तोडू लागलं.

मग थांबलं. त्याचे पुढचे दोन्ही पाय खाली गेले. त्याने मागे रेटा दिला, ओरडलं, स्वतःच्याच पायाला कडाडून चावलं. पानं उघडली. खालून जे वर आलं ते तिला दिसलं नाही, फक्त कुत्र्याची पाठ उलटी दुमडलेली दिसली, आणि हाड मोडल्याचा आवाज काठापर्यंत आला. पानं मिटली. जांभळी फुलं तशीच.

तिच्या मागे वहिनी उभी होती. दादासाठी डबा घेऊन आली होती.

"वन्सं, ते कुत्रं..."

"बुडालं," ती म्हणाली.

"पण पाणी कुठंय?" वहिनी म्हणाली.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने एकटीने दाराजवळची जाळी साफ करायला घेतली. पाहणी उद्यावर आली होती. जाळीला मुळं दाटली होती आणि पाण्याची धार करंगळीएवढी झाली होती. ती आकडीने ओढत होती, कोयत्याने छाटत होती, हात कोपरापर्यंत चिकट झाले होते.

आकडीला कातड्याचा मोठा पट्टा आला. यावर केस नव्हते.

तिने तो दगडावर पसरला. सावळा, मऊ. एका ठिकाणी बारीक बारीक घड्या, बोटांच्या पेरांवर असतात तशा. घड्यांच्या पुढे तांदळाच्या दाण्याएवढी नखं. एका हाताची पाच असतात. ही ओळीने पट्ट्याच्या शेवटापर्यंत गेली होती, जणू कुणाला नखं करता येऊ लागली होती पण कुठे थांबायचं ते कळलं नव्हतं.

ती दगडावरच बसली. दादाला सांगायचं. कारखाना बंद करायचा. चुन्याची पोती तळ्यात रिकामी करायची, मुळापर्यंत सगळं जाळून टाकायचं. मग उद्या साहेब येईल, पांढरं फेसाळ पाणी बघेल, आणि दादा नळ टाकेल. वस्ती पुन्हा शाई पिईल. पुन्हा पोरांच्या अंगावर फोड, पुन्हा म्हाताऱ्यांच्या पोटात गाठी. आणि पाणीबाईचं काय झालं हो? पाणीबाई हरली.

एकच दिवस, ती मनाशी म्हणाली. उद्या पास होऊ दे. परवा मी स्वतः जाळीन.

तिने आकडीच्या टोकाने तो पट्टा पाण्यात ढकलला. ढकलताना त्याने आकडी पकडली. क्षणभरच, लहान मूल बोट पकडतं तशी. मग सोडली.

६

पाहणीच्या सकाळी दाराच्या भोकातून एक थेंबही पडत नव्हता. गालिचा आपणहून सरकून जाळीला चिकटला होता.

"साहेब निघालाय तिकडनं," दादा म्हणाला. त्याने सदरा काढून वहिनीच्या हातात दिला. "धारच नाही तर तपासणार काय, माझा घाम? चला रे, उतरा त्या जलपर्णीवर आणि कापा."

"दादा, वर नको. काठावरून कापू."

"काठावरून संध्याकाळ होईल."

"दादा, ऐक माझं. आत काहीतरी आहे."

"काय आहे?"

तिला सांगता आलं नाही. म्हणजे शब्द होते. पण मुकादम गालाला पट्टी बांधून उभा होता, कामगार कान देऊन उभे होते, आणि एकदा बोलली की उतरायला कुणीही तयार होणार नाही, हे तिला दिसत होतं.

"जपून," ती एवढंच म्हणाली.

माणसं कोयते घेऊन गालिच्यावर उतरली. तो दबलाही नाही. दादाने पहिला घाव घातला. फच्चकन आवाज झाला आणि हिरवा, लाल चिखल त्याच्या छातीवर उडाला. दुसरा, तिसरा. कापलेलं बाजूला होत नव्हतं. कडा पुन्हा जवळ येत होत्या. दादाचं डोकं फिरलं. कारखान्यातला माणूस अडला तरी त्याचं डोकं फिरायचं, ही तर नुसती पालापाचोळ्याची पोळी होती. तो शिव्या देत, दात खात, आंधळ्यासारखा हाणत सुटला. "मर! मर म्हणतो ना! माझ्या पाण्यात राहते आणि मला..." प्रत्येक घावाला खालून एक घुसमटलेला हंबरडा येत होता. तो ऐकला आणि कामगारांनी कोयते टाकून काठाकडे उड्या मारल्या. दादाला तो ऐकूच आला नाही.

मग तो कमरेपर्यंत खाली गेला.

क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य होतं. "अगं," तो तिला म्हणाला, अगदी साध्या आवाजात, "खाली कुणीतरी पाय चाटतंय माझे."

"काय?"

"जीभ आहे. खरखरीत." तो हसायला लागला होता, गुदगुल्या झाल्यासारखा. "दोन्ही पाय... अगं, खूप जणं आहेत." आणि मग हसणं तुटलं आणि तो किंचाळला. चाटणं जोरात झालं होतं. कानशीने घासावं तसा आवाज काठावर येत होता, आणि दादाच्या कमरेभोवतीचा चिखल लाल होऊन उकळत होता.

मुकादमाने दोर टाकला. दादाने तो काखेतून घेतला. सगळ्यांनी ओढला, दादा वर येण्याऐवजी ओढणारेच पुढे घसरत गेले. एक जण बांधावरून पडला आणि त्याचं डोकं दगडावर फुटलं. दादा छातीपर्यंत गेला.

"वन्सं!" वहिनी तिच्या दंडाला हिसके देत होती. "दार उघडा! पाणी सोडा सगळं, वन्सं, वाहून जाईल ते! अहो, बघता काय? तुमचा भाऊ आहे तो!"

तिचे हात चाकावर होते. कधी ठेवले ते तिलाच कळलं नव्हतं. दार उघडलं की तळं ओढ्यात. ओढा तलावात. खाली, उताराच्या टोकाशी, तलावावर बायका पाणी भरताना दिसत होत्या, मुठीएवढ्या लहान. याच लोकांसाठी ती परत आली होती.

"ताई..." दादा म्हणाला. लहानपणी तो तिला लाडाने ताई म्हणायचा, थोरला असून. त्यानंतर कधीच नाही. पाणी त्याच्या हनुवटीला लागलं होतं.

तिने चाक फिरवलं.

७

गंजलेलं चाक आधी हललंच नाही. मुकादमाने शेजारून जोर लावला, तिच्या तळहाताची साल निघाली, आणि झडप किंचाळत वर गेली. पाणी भिंतीसारखं बाहेर पडलं. तळं खाली जाऊ लागलं, गालिचाही त्याच्याबरोबर खाली जाऊ लागला.

पाणी आटलं की जलपर्णी तळाला सपाट पडून राहते. ही सपाट पडली नाही. ती टेकली. ओलं धोतर वाळत घातल्यावर त्याखालची दोरी दिसावी, तसं तिच्याखालचं दिसू लागलं. पाठी होत्या. कण्यांच्या रेघा, वशिंडं, माकडहाडांचे उंचवटे. कोंडवाड्यात दाटीने उभी करावीत तशी ती एकमेकांना खेटून उभी होती, काठापासून काठापर्यंत, आणि सगळ्यांची तोंडं दाराकडे होती.

त्यांच्या मधोमध एक दोन पायांवर उभं होतं. उंच. खूप उंच. त्याला एकच हात होता.

पाण्याचा लोट त्यांना लागला आणि ती चालू लागली की वाहू लागली, ते तिला सांगता येणार नाही. झडपेच्या तोंडाशी फेस होता, चिखल होता, फाटणारी पानं होती, आणि त्या सगळ्यात खुरांचा आवाज होता. तो तिच्या पायाखालून गेला. बांध थरथरला. मग ओढ्यात धुकं उठलं आणि आवाज उताराने खाली खाली जात राहिला.

मुकादम बांधावर पालथा पडून डोकं हातांनी झाकून घेत होता. त्याने काही पाहिलं का, हे तिने त्याला नंतर कधीही विचारलं नाही.

रिकाम्या तळ्याच्या तळाशी दादा पडला होता, उघडा, कुशीवर वळलेला. श्वास चालू होता. त्याच्या अंगावर एक ओरखडा नव्हता. खरं तर अंगावर काहीच नव्हतं. क्रोमने भाजलेले हातांवरचे जुने व्रण, कानामागचा तीळ, पायावरचा कोयत्याचा डाग, सगळं गेलं होतं. गाळात पडूनही तो धुतल्यासारखा स्वच्छ होता.

८

पाणीखात्याचा साहेब आला तेव्हा दादाला घरी नेलं होतं आणि डोकं फुटलेल्या कामगाराला इस्पितळात. ओढ्यात पातळ धार उतरत होती. त्याने आपली बाटली भरली, त्यात औषधाचे थेंब टाकले, हलवली, पुन्हा टाकले. मग चष्मा काढून तिच्याकडे बघितलं.

"माझ्या सगळ्या नोकरीत असं पाणी पाहिलं नाही, बाई. हे तर पावसाच्या पाण्याहून निवळ आहे. आणि येताना तलाव बघून आलो. तळाचा खडान्खडा दिसतोय! लोक वेड्यासारखे उतरलेत पाण्यात." त्याने तिचा सोललेला हात हातात घेऊन हलवला. "तुमच्यासारखी शिकलेली माणसं परत आली पाहिजेत."

ती "हो" म्हणाली.

मग घरी गेली. दादा आतल्या खोलीत पालथा झोपला होता. डॉक्टर येऊन गेले होते; नाडी ठीक, छाती ठीक, विश्रांती घेऊ द्या म्हणाले होते. खिडकीतून ऊन त्याच्या उघड्या पाठीवर पडलं होतं. वहिनी उशाशी बसून त्याचे केस सुकवत होती. रडून रडून डोळे सुजले होते, पण चेहरा उजळला होता.

"तुमच्यामुळे वाचले हो, वन्सं. नाहीतर माझं काय होतं?" तिने पदराने नाक पुसलं. "मघाशी डोळे उघडले होते. पाणी मागितलं. बादलीच तोंडाला लावली, बघा, एवढी तहान."

"काही बोलला?"

"नाही. नुसते बघत होते माझ्याकडे. किती शांत झालेत! आठवतंय ना कसे होते ते?"

वहिनी बादली घेऊन उठली आणि स्वयंपाकघरात गेली. ती पलंगाच्या कडेला टेकली. दादाची पाठ संथ वरखाली होत होती. रुंद, गुळगुळीत. ती त्याच्यावर हात ठेवणार होती.

खिडकीतून एक माशी आली आणि त्याच्या खांद्याखाली बसली.

दादाने हात हलवला नाही. कूस बदलली नाही. जिथे माशी बसली होती, बरोबर तेवढ्याच जागेची कातडी थरथरली, मांसावरून सरकल्यासारखी, एक बारीक लाट खांद्यापासून बरगडीपर्यंत गेली आणि विरली. गुरांना ते येतं. माणसाला येत नाही. माशी उडाली, फिरली, कमरेवर बसली. तिथली कातडी थरथरली. दादा झोपलेलाच होता.

बाहेर, उताराच्या खालून, खूप माणसांचा गलका येत होता. हसत होती माणसं, एकमेकांवर पाणी उडवत होती. कुणीतरी ओढ्याच्या वाटेने वर येऊन अंगणातून हाक दिली, "पाणीबाई! अहो पाणीबाई! खाली या की! बघा तरी काय करून ठेवलंय तुम्ही! सगळे तुम्हालाच बोलावतायत!"

ही हाक ऐकण्यासाठी ती इतक्या लांबून आली होती.

स्वयंपाकघरातून वहिनीची पावलं परत येऊ लागली. भरलेल्या बादलीतलं पाणी हिंदकळत होतं. तिने पायथ्याची चादर उचलली, दादाच्या मानेपर्यंत ओढली, कडा नीट आत खोचल्या. चादरीखाली काहीतरी थरथरलं आणि शांत झालं.

"आले," ती खिडकीतून म्हणाली.